कुमाऊंची रायफल आणि कालाढुंगीचे घर

शिकारकथांना श्रोत्यांची वानवा कधीच भासत नाही. वाघ, मचाण, चांदणी रात्र आणि खटका ओढणारे बोट एवढी सामग्री मिळाली की वक्त्याचे निम्मे काम झालेच. परंतु इतिहासाचा अभ्यासक या नात्याने आम्हांला त्या बोटापेक्षा त्यामागच्या हिशेबात अधिक रस आहे. ती रायफल कोणाच्या हाती होती, कोणाच्या हाती नव्हती, ती तेथवर कशी आली, आणि ज्याच्या हाती ती होती त्याला ती चालविण्याचे शहाणपण कोणी दिले, हे प्रश्न शिकारकथेत सहसा विचारले जात नाहीत. ते आज विचारावेत आणि त्यासाठी हिमालयाच्या पायथ्याचे एकच घर समोर ठेवावे, असा आमचा मानस आहे. ते घर म्हणजे कुमाऊंतील कॉर्बेट कुटुंबाचे.

जिम कॉर्बेटचे नाव आपल्याकडे अपरिचित नाही. त्याच्या पुस्तकांनी शाळकरी मुलांपासून निवृत्त मामलेदारांपर्यंत सर्वांना रात्री जागविले आहे. त्याच्याविषयी दोन मते ऐकू येतात. काहींच्या लेखी तो डोंगराळ प्रजेला तारणारा साधुपुरुष. दुसरे काही म्हणतात, यात साधुत्व कसले? सरकारने १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने प्रजा निःशस्त्र केली, वाघ माजले, मग त्याच राजवटीतला एक गोरा रायफल घेऊन आला आणि निःशस्त्रांनी त्याचे पाय धरले. आम्ही ही दोन्ही मते काळजीपूर्वक तपासली. दोन्हींत तथ्य आहे, तथापि दोन्ही अपुरी आहेत, असे आम्हांला दिसते.

प्रथम मुलूख पाहू. १८१५ साली गोरख्यांकडून कुमाऊं इंग्रजांकडे आला. नैनीतालचे तळे सुमारे ६,४०० फूट उंचीवर आहे. १८४१ नंतर त्याच्या काठी साहेबांची वस्ती वाढू लागली. तेथून दक्षिणेस सुमारे १५ मैल डोंगर उतरून आले की भाबराचा सपाट, दगडगोट्यांचा, जंगलाने भरलेला पट्टा लागतो. कालाढुंगी या पट्ट्यात आहे. डोंगरावरचे कुमाऊंनी शेतकरी थंडी सुरू झाली की गुरेढोरे घेऊन भाबरात उतरत आणि उन्हाळा लागला की पुन्हा वर जात. कॉर्बेट कुटुंबही हेच करी. उन्हाळा नैनीतालात, हिवाळा कालाढुंगीत. म्हणजे या घराचे वर्ष साहेबाच्या पंचांगापेक्षा पहाडी माणसाच्या पंचांगाने चालत होते. ही गोष्ट लहान वाटते, पण पुढचे बरेच काही तिच्यातून निघाले.

हे घर श्रीमंतांचे मुळीच नव्हते. बाप ख्रिस्तोफर कॉर्बेट हा नैनीतालचा पोस्टमास्तर. आई मेरी जेन ही १८५७ च्या धामधुमीत पहिला पती गमावलेली विधवा. हे तिचे दुसरे लग्न. दोघांची आधीची आणि नंतरची अशी मुलांची मोठी पलटण घरात होती. जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा. १८८१ मध्ये बाप वारला तेव्हा हा मुलगा सहा वर्षांचाही नव्हता. आईने कंबर कसली. उन्हाळ्यात येणाऱ्या साहेबलोकांना बंगले भाड्याने मिळवून देण्याचा व्यवसाय तिने चालविला आणि नैनीतालच्या आयारपाटा उतारावर गर्नी हाउस उभे केले. साम्राज्याच्या उतरंडीत हिंदुस्थानात जन्मलेल्या अशा गोऱ्यांची जागा बरीच खालची होती. विलायतेहून आलेला कलेक्टर त्यांना आपल्या पंगतीत सहज बसवून घेत नसे. कॉर्बेटचा पहाडी लोकांशी जो मोकळा व्यवहार दिसतो त्याचे मूळ त्याच्या स्वभावात होतेच, परंतु या अधांतरी जागेतही होते, असे आमचे मत आहे.

कालाढुंगीच्या हिवाळ्याचे वर्णन त्याने म्हातारपणी लिहून ठेवले आहे. नदीच्या लाकडी पुलावर संध्याकाळी १४ मुलेमुली दाटीवाटीने बसत आणि त्यांतला एक मोठा मुलगा भुताखेतांच्या गोष्टी सांगून सर्वांची बोबडी वळवी. मुली कालव्यात आंघोळीला जात तेव्हा मोठ्या मुलांना मज्जाव असे. राखणीला धाकटा जिम. त्याला ही कामगिरी मनापासून नकोशी वाटे, पण पाच-सहा बहिणींच्या घरात धाकट्याचे कोण ऐकतो? तथापि या राखणदारीतच त्याचे कान तयार होऊ लागले. पाचोळ्यातला आवाज कोंबडीचा की सापाचा, झाडावरचा कोलाहल माकडांच्या भांडणाचा की इशाऱ्याचा, हे त्याला कळू लागले.

वडील भाऊ टॉम हा त्याचा पहिला गुरू. त्याने एकदा या चिमुरड्याला अस्वलाच्या शिकारीस नेले आणि एका घळीत एकट्याला बंदूक देऊन बसविले. पोर भीतीने गोठून गेले. आजचा कोणी बालमानसशास्त्रज्ञ या शिक्षणपद्धतीस मान्यता देणार नाही, आणि आम्हीही तिची शिफारस करीत नाही. दुसरा गुरू कुंवरसिंग. हा एका गावचा मुखिया आणि सरकारी भाषेत चोरटा शिकारी. त्याने पोराला सांगितले की जंगलात फिरायचे तर झाडावर चढता आलेच पाहिजे. वाट कशी लक्षात ठेवावी, जनावराच्या मागावर कसे जावे, हेही त्याच्याबरोबर हिंडून उमगले. पुढे लाटसाहेब ज्याच्या सल्ल्याने जंगलात पाऊल टाकीत त्या शिकाऱ्याचा गुरू कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार होता, ही मौज लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता हत्यारांकडे वळू. या मुलाच्या हाती आलेल्या हत्यारांचा क्रम म्हणजे त्या शतकातील बंदुकीचा संक्षिप्त इतिहासच आहे. आधी गलोल. मग गोळ्या फेकण्याचे धनुष्य. त्यानंतर पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका आप्ताने, मला पक्ष्यांचे नमुने मिळवून दे या बोलीवर, तोंडाने ठासायची जुनी दुनळी दिली. तिची एक नळी फुटलेली होती आणि दांडा व नळ्या तारेने आवळलेल्या होत्या. ठासणीच्या बंदुकीचे तंत्र ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर बोळा ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. खाली कानावर टोपी चढवायची, तेव्हा कोठे एक बार तयार होतो. हवा दमट असली तर तोही फुसका निघतो. एका बारानंतर दुसरा भरीपर्यंत वाघ तर सोडाच, कोंबडादेखील दिसेनासा होतो. म्हणून ठासणीची बंदूक बाळगणारा माणूस दोन गोष्टी शिकतो: फार जवळ जाणे आणि एकाच बारात काम उरकणे. पुढे कॉर्बेटच्या हाती भारी हत्यारे आली, पण हात ठासणीचाच राहिला.

तिसरे हत्यार मार्टिनी रायफल. नैनीतालच्या शाळेत मुलांच्या पलटणीला कवायत शिकविणाऱ्या सार्जंट-मेजरने ती या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला वापरायला दिली. अटी दोन: रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत आणून द्यायची. मार्टिनी ही एकेरी बाराची. खालची तरफ ओढली की मागचे दार उघडते, काडतूस आत सरकवायचे, तरफ वर घ्यायची. गोळी ०.४५० इंच व्यासाची. काळ्या दारूचा धूर एवढा की आपण मारले की चुकलो हे धूर विरेपर्यंत कळत नाही, आणि खांद्याला धक्का असा की मोठ्या शिपायाचाही खांदा काळानिळा पडावा. या रायफलीने त्या पोराने आपला पहिला बिबळ्या मारला.

एवढे सांगितल्यावर मघाचा आक्षेप समोर येतोच. शाळेच्या पलटणीतली रायफल आणि काडतुसे दहा वर्षांच्या गोऱ्या मुलाच्या हाती सहज पडतात. त्याच डोंगरातला चाळीस वर्षांचा शेतकरी, ज्याच्या मक्यात रानडुकरे आणि गोठ्यात बिबळ्या शिरतो, त्याला बंदूक ठेवायची तर परवाना हवा. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या कायद्याने आणि त्याखालील नियमांनी हा भेद केला होता. युरोपीयांना परवान्यातून सूट होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव झाले. नियमांतील वंशभेद पहिल्या महायुद्धानंतर निघाला. मूळ कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालू राहून १९५९ च्या कायद्याने रद्द झाला. तेव्हा आक्षेप खोटा आहे असे कोणी म्हणू नये.

तो किती खरा आणि कोठे तोकडा, हे पाहण्यासाठी १९०७ सालच्या चंपावतला गेले पाहिजे. नेपाळातून हाकलली गेलेली एक वाघीण कुमाऊंच्या पूर्व भागात आली होती. कॉर्बेटने दिलेल्या आकड्याप्रमाणे तिच्या नावावर दोन्ही प्रदेश मिळून ४३६ माणसे लागली. मरणाऱ्यांत स्त्रिया फार. कारण उघड आहे. गुरांसाठी गवत कापणे, बांज वृक्षाचा पाला तोडणे, सरपण गोळा करणे ही डोंगरातील स्त्रीची रोजची कामे. ती खाली वाकून किंवा झाडावर चढून करायची. वाघीण दिवसा येई. कॉर्बेट पाली नावाच्या गावी पोहोचला तेव्हा गावकरी पाच दिवस दाराबाहेर पडलेले नव्हते. अंगणात घाण साचलेली, घरात धान्य संपत आलेले. आपण एखाद्या संचारबंदीत दोन दिवस अडकलो तर किती कावतो! येथे संचारबंदी वाघिणीची होती आणि ती उठविण्याचा हुकूम कोणत्याही कचेरीतून निघू शकत नव्हता.

कॉर्बेटने या कामासाठी सरकारला दोन अटी घातल्या. जाहीर झालेले बक्षीस रद्द करावे आणि इतर सर्व शिकाऱ्यांना परत बोलवावे. पैशासाठी मारणारा म्हणवून घेणे त्याला मानवणारे नव्हते. आणि एकाच रानात दहा हौशी बंदुका हिंडत असल्या की वाघापेक्षा त्यांचाच धोका अधिक, हेही त्याला ठाऊक होते.

अखेरच्या दिवशी चंपावतच्या तहसीलदाराने हाका घालण्यासाठी २९८ माणसे जमविली. या तहसीलदाराचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. त्याने आधीच गावोगाव निरोप धाडला होता की बिनपरवान्याच्या बंदुकांकडे आज आपण पाहणार नाही, शिवाय दारूगोळाही आपणच पुरवू. झाले! गवताच्या गंजीतून, छपराच्या वाशातून, पेवातून काय काय बाहेर पडले म्हणता! आज्यापणज्याच्या काळच्या ठासणीच्या बंदुका, तारेने बांधलेले दांडे, गंजलेल्या नळ्या. त्या दिवशीची हत्यारे कोणी मोजली असती तर परवान्यांची सरकारी नोंदवही आणि डोंगर यांचा ताळा कधीच जमला नसता. म्हणजे प्रजा कायद्याने निःशस्त्र होती, वस्तुतः पूर्णपणे नव्हती. पण ही हत्यारे कशी होती? लपवून ठेवलेले हत्यार साफ करता येत नाही, त्यावर हात बसवता येत नाही, त्याची दारू उन्हात वाळवता येत नाही. हत्यार असूनही हातात कसब नसावे, हे त्या कायद्याचे खरे फळ. २९८ जणांनी त्या दिवशी आरडाओरडा केला, ढोल बडविले, बार उडविले आणि वाघिणीला कॉर्बेटच्या दिशेने हुसकले. त्याच्याकडे काडतुसे फक्त तीन होती. ती संपल्यावर तो धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक घेऊन आला. तिच्या नळ्या आणि मागची पकड यांमध्ये बोटभर फट होती. तिचा बार जिव्हारी लागला नाहीच. परंतु आधीच्या गोळ्यांनी वाघीण तोवर संपत आली होती.

परतीच्या वाटेवर एका गावात त्याने मुद्दाम वाघिणीचे कातडे नेऊन दाखविले. तेथे एक स्त्री होती. वर्षापूर्वी वाघिणीने तिच्या डोळ्यांदेखत बहिणीला उचलून नेले, ही बाई आक्रोश करीत मागे धावली, वाघीण उलटली तेव्हा गावाकडे पळत आली, आणि त्या क्षणापासून तिची वाचा गेली होती. कातडे पाहताच ती गावकऱ्यांना ओरडून हाका मारू लागली. ४३६ हा आकडा आपण वाचतो आणि पुढे जातो. या बाईपाशी मात्र थांबावे लागते.

पुढे नैनीतालच्या दरबारात संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हिवेट यांनी तहसीलदाराला बंदूक दिली आणि कॉर्बेटबरोबर माग काढणाऱ्या माणसाला शिकारीचा सुरा. कॉर्बेटला मिळाली लंडनच्या रिग्बी कारखान्याची ०.२७५ ची रायफल. ही मॉसर पद्धतीची, मागेपुढे सरकणाऱ्या खटक्याची. पोटात पाच काडतुसांची सोय, वजनाला हलकी, धूर जवळपास नाहीच. दुसरी त्याची आवडती रायफल ०.४५०/४०० ची दुनळी: दोन नळ्या, दोन चाप, लागोपाठ दोन भारी गोळ्या, पण डोंगर चढताना खांद्याला ओझे. हलकी की भारी, हा वाद शिकाऱ्यांत अजून संपलेला नाही. १९३० मध्ये चौगडच्या नरभक्षक वाघिणीशी अवघ्या काही फुटांवर गाठ पडली तेव्हा कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती. पक्ष्यांच्या अंड्यांचा छंद लहानपणापासूनचा! त्याने उजव्या हातानेच रायफल कणाकणाने फिरविली आणि गोळी झाडली. हलक्या रायफलीचा कैवार घेणाऱ्यांना एवढे उदाहरण पुरे आहे.

चंपावतच्या वाघिणीचे तोंड उघडून पाहिले तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले आढळले. कारण जुनी गोळी. कोणा एकाचा नेम किंचित चुकला, वाघीण जगली, तिला रानातले जनावर धरणे जमेना, आणि ४३६ घरे बसली. १९३८ मध्ये मारलेल्या ठाकच्या वाघिणीच्या अंगावरही बंदुकीच्या जुन्या जखमा निघाल्या. मुक्तेसरच्या वाघिणीचा दोष साळिंदराकडे जातो. तिच्या अंगात काटे रुतून बसले होते. पण जेथे जखम बंदुकीची होती तेथे हिशेब चमत्कारिक होतो. ज्या रायफलीने नरभक्षक मारला तिच्याच कुळातील दुसऱ्या बंदुकीने त्याला नरभक्षक केलेले होते. तो नेम चुकविणारा हात कोणाचा, हौशी साहेबाचा की भेदरलेल्या शेतकऱ्याचा, हे बहुतेक वेळा कळण्यास मार्ग नाही. निःशस्त्रीकरण हेच नरभक्षकांचे एकमेव कारण, हे मत येथे डळमळते. बंदूक कमी असणे हे संकट होते. वाईट चालविलेली बंदूक हे त्याहून मोठे.

याचा पुरता उलगडा रुद्रप्रयागला होतो. अलकनंदा आणि मंदाकिनी यांच्या संगमावरील हे गाव. बद्री आणि केदार या दोन्ही वाटा येथे फुटतात. आपल्याकडचे यात्रेकरूही याच वाटेने पायी जात. १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षे एका बिबळ्याने हा टापू धास्तीत ठेवला. सरकारी नोंदीतले बळी १२५. हा रात्रीचा कारभारी. दिवस मावळला की गावोगाव दारे लागत आणि वाट निर्मनुष्य होई. एका गावात ४० शेळ्यांच्या खोलीत निजलेल्या १४ वर्षांच्या अनाथ पोराला त्याने शेळ्यांच्या अंगावरून जाऊन उचलले; एकाही शेळीला ओरखडा नाही.

आता बंदुकांचे पाहा. गढवालात त्या वेळी परवान्याच्या बंदुका सुमारे ४,००० होत्या. या बिबळ्यासाठी म्हणून आणखी ३०० खास परवाने देण्यात आले. लॅन्सडाउनच्या गढवाली पलटणीतील शिपायांना रजेवर जाताना रायफल बरोबर नेण्याची मुभा मिळाली. १०,००० रुपयांचे बक्षीस आणि दोन गावांचे इनाम जाहीर झाले. सापळे लावले, विष घातले. १९२१ मध्ये पुलावर त्याच्यावर गोळीही झाडली गेली, ती पायाच्या पंजाला चाटून गेली. एकदा तर गुहेत कोंडलेला असता तो ५०० माणसांच्या गराड्यातून निसटला. म्हणजे बंदुका होत्या, सैनिकांचे हात होते, पैसा होता. तरी आठ वर्षे बिबळ्या माणसे खातच राहिला.

कॉर्बेटलाही तो सहज सापडला नाही. पुलाच्या बुरुजावर तो २० रात्री बसला; व्यर्थ. गढवालचा डेप्युटी कमिशनर इबटसन याच्याबरोबर त्याने किती उपाय केले आणि किती फसले हे त्याने स्वतःच प्रांजळपणे लिहिले आहे. अखेर १९२६ च्या मे महिन्याच्या आरंभी, गुलाबराय येथील यात्रेकरूंच्या चट्टीजवळ आंब्याच्या झाडावर तो ओळीने दहा-अकरा रात्री बसला. खाली एक शेळी, गळ्यात घंटा. अंधारात घंटा वाजली, त्याने रायफलीला बांधलेल्या विजेरीची कळ दाबली, उजेडात बिबळ्या दिसला, एक गोळी सुटली आणि विजेरी बंद पडली. पुढचे कळण्यासाठी पहाटेपर्यंत वाट पाहावी लागली. बिबळ्या म्हातारा होता, दात झिजलेले होते आणि मागच्या पंजावर १९२१ च्या गोळीची खूण होती.

४,३०० बंदुकांना जे साधले नाही ते एका रायफलीला साधले, ते रिग्बीच्या पोलादामुळे नव्हे. पाऊलखुणेवरून नर की मादी, तरणा की थकलेला, चालत गेला की दबकत, हे ओळखणे. कोणती वाट तो पाच दिवसांनी पुन्हा धरील याचा अदमास बांधणे. वारा, चांदणे, भेकराचे भुंकणे, वानराचा खाकरा यांवरून अंधारात त्याची जागा ठरविणे. आणि मुख्य म्हणजे दहा रात्री निष्फळ गेल्यावर अकराव्या रात्री पुन्हा झाडावर चढणे. ही विद्या कालाढुंगीच्या कालव्यावर, टॉमच्या घळीत आणि कुंवरसिंगाच्या मागे चालताना मिळालेली होती. तिचा अर्ध्याहून अधिक भाग पहाडी माणसाचाच होता. गावकऱ्याच्या डोळ्यांत ती विद्या होती पण हाती धड हत्यार नव्हते. साहेबांपाशी हत्यार होते पण बहुतेकांपाशी ती विद्या नव्हती. कॉर्बेटच्या ठायी दोन्ही एकत्र आली, याला कारण ते दोन ऋतूंचे, दोन समाजांच्या सीमेवरचे घर.

म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवावे असे आम्ही म्हणत नाही. १९३० मध्ये त्याने पोवळगडचा प्रसिद्ध वाघ मारला. त्या वाघाने कोणा माणसाला इजा केलेली नव्हती. त्याचा गुन्हा एवढाच की तो प्रांतातला सर्वांत मोठा वाघ म्हणून गाजला होता. वळणावरून मोजला तर तो १० फूट ७ इंच भरला. पुढे व्हाइसरॉय लिन्लिथगो यांच्या शिकारीची व्यवस्थाही कॉर्बेट पाहत असे. तो काळच तसा होता, असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहाच्या मंडळींनी नेपाळच्या तराईत थोड्याच दिवसांत ३९ वाघ लोळविले. परंतु त्याच काळात एफ. डब्ल्यू. चँपियन नावाचा जंगलखात्याचा अधिकारी त्याच मुलखात रात्री तार बांधून वाघांची छायाचित्रे घेत होता. त्याचे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. तेव्हा दुसरा मार्ग दिसतच नव्हता असे नाही. कॉर्बेटला तो उशिरा, चँपियनकडे पाहून दिसला. मग त्याने चलच्चित्राचा कॅमेरा घेतला. यंत्राची घरघर वाघाला ऐकू जाऊ नये म्हणून ओढ्याला बांध घालून त्याने लहान लहान धबधबे तयार केले आणि त्यांच्या आवाजाआड बसून वाघ टिपले. १९३६ मध्ये हिंदुस्थानातील पहिले राष्ट्रीय उद्यान कुमाऊंच्या पायथ्याशी झाले, त्यामागे त्याचेही प्रयत्न होते. आधी ते गव्हर्नर हेली यांच्या नावाचे होते. कॉर्बेटच्या मृत्यूनंतर त्याला त्याचे नाव मिळाले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ याच उद्यानात झाला, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाटही होता. आदल्या वर्षीच्या, १९७२ च्या कायद्याने वाघ संरक्षित झाला होता.

आपल्या मुंबईचाही या कथेत एक धागा आहे. कॉर्बेटने १९३५ च्या सुमारास काही शिकारकथा नैनीतालात खाजगी छापून मित्रांना वाटल्या होत्या. कुमाऊंच्या नरभक्षकांवरचे त्याचे जगप्रसिद्ध पुस्तक मात्र १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढले. पहिल्या आवृत्तीचे उत्पन्न युद्धात अंध झालेल्या हिंदी शिपायांच्या संस्थेला गेले. शिकारकथेच्या पैशाने शिपायांच्या अंधाऱ्या दिवसांना थोडा आधार मिळाला, ही गोष्ट त्या पुस्तकाच्या चाहत्यांतही फारशी कोणास ठाऊक नसते.

बहीण मॅगी जन्मभर जिमबरोबर राहिली. दोघांनीही लग्न केले नाही. कालाढुंगीच्या व्हरांड्यात गावकऱ्यांना औषधपाणी देणे हे तिचे काम. जिमने १९१५ च्या सुमारास जवळचे छोटी हल्द्वानी हे ओसाड पडलेले गाव विकत घेऊन तेथे कुळे वसविली होती; रानडुकरे व हरणे पिकात शिरू नयेत म्हणून गावाभोवती दगडी भिंत घातली. या भिंतीचा हिशेब शिकारीच्या पुस्तकात क्वचितच येतो. आमच्या मते त्याने मारलेल्या वाघांइतकीच तीही महत्त्वाची, कारण तिच्या आत पेरलेला गहू शेतकऱ्याच्या घरी आला.

१९४७ च्या अखेरीस ही दोघे भावंडे केनियात न्येरी येथे निघून गेली. नव्या राजवटीत आपले कसे होईल ही धास्ती त्यांना वाटली; ती अनाठायी होती असे आज म्हणता येते, त्या वर्षी म्हणणे कठीण होते. निघण्यापूर्वी त्याने आपल्या काही बंदुका जंगलात नेऊन पुरल्या असे चरित्रकार सांगतात. हिवेटसाहेबाने दिलेली रिग्बी रायफल पुरली गेली नाही. ती हस्ते-परहस्ते फिरत शेवटी लंडनला तिच्या मूळ कारखानदारांकडे परत गेली. १९ एप्रिल १९५५ रोजी कॉर्बेट न्येरीत वारला. कालाढुंगीचे घर आता संग्रहालय आहे. छोटी हल्द्वानीची जमीन कुळांकडे राहिली, भिंतीचे काही भाग अजून उभे आहेत, आणि कॉर्बेटने शेरसिंग नावाच्या गावकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी दिलेली एकनळी ठासणीची बंदूक त्या गावात आजही पाहायला मिळते.